टायरची निवड

मोटारीचें बळ एंजिनांत असतें, परंतु तें रस्त्यावर उतरतें टायरच्या द्वारें. आणि प्रत्येक टायर जमिनीस सुमारें तळहाताएवढ्याच जागीं टेकतो. म्हणून बलाढ्य सेडानचे टायर बदलतांना केवळ किंमत पाहूं नये. टायर वाचावयास शिकावें.

त्याच्या कडेवर '225/45 आर 17 94 व्ही' अशीं चिन्हें असतात. 225 ही मिलिमीटरांतील रुंदी; 45 म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेंकडा 45; आर म्हणजे रेडियल बांधणी; 17 हा रिमचा इंचांतील व्यास. 94 हा अंक 670 किलोग्रॅम भार दर्शवितो, व्ही हें अक्षर ताशीं 240 किलोमीटर वेग. कारखान्यानें नेमलेल्या भाराहून व वेगाहून हलका टायर घेऊं नये.

अमेरिकेंत सर्व ऋतूंसाठीं म्हणून 'ऑल-सीझन' टायर पुष्कळ खपतात. सुमारें 7 अंश सेल्सिअसखालीं उन्हाळी टायरचें रबर कठीण होऊन पकड सोडूं लागतें. यांचें त्यामानानें मऊ राहतें. तथापि नांवावर भुलूं नये. तीन शिखरें व हिमकण हें चिन्ह ज्यावर असेल, तोच बर्फाच्या कसोटीस उतरलेला होय.

आपल्याकडे बर्फ नाहीं, पण पाऊस आहे. पाणी बाहेर लोटणाऱ्या खांचा झिजून 1.6 मिलिमीटरहून उथळ झाल्या, कीं टायर टाकावाच. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. विद्यार्थ्यांनीं आज घरच्या वाहनाचे टायर वाचून वडिलांस दाखवावे, असें आम्ही सुचवितों.