महाविद्यालयांचा पसंतीक्रम

दिल्ली विद्यापीठ १९२२ साली स्थापन झाले, तेव्हा सेंट स्टीफन्स, हिंदू व रामजस ही तीनच महाविद्यालये त्यात होती. आज त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे. पण मूळ रचना तीच आहे. अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी विद्यापीठाची. प्रयोगशाळा, अध्यापक व वसतिगृह महाविद्यालयाचे. तेव्हा पदार्थविज्ञान हिंदूमध्ये शिकले काय किंवा हंसराजमध्ये, पदवी एकच मिळते.

२०२२ पासून प्रवेश सामाईक परीक्षेच्या गुणांवर दिला जातो. विद्यार्थी विषय व महाविद्यालय यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने नोंदवितो. गुणांनुसार मिळू शकणारी सर्वांत वरची जोडी त्यास देण्यात येते. तिच्या खालच्या जोड्या बाद होतात. समजा, एकास रसायनशास्त्राची आवड आहे. परंतु नामांकित महाविद्यालयाच्या मोहाने त्याने तेथील वनस्पतिशास्त्र वर नोंदविले. ते मिळाले, की खाली नोंदविलेले रसायनशास्त्र हातचे गेलेच!

यास्तव प्रथम विषय निश्चित करावा. मग तो शिकविणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, वसतिगृह व घरापासूनचे अंतर पाहून क्रम लावावा. नावाचा विचार शेवटी करावा. कारण पुढील तीन-चार वर्षे सोबत करावयाची आहे ती विषयाशी.