विजेचा लिलाव आणि पोहरादेवीचा पंप

रामनवमीला पोहरादेवीला देशभरातून बंजारा भाविक येतात. अंधार पडला की दिवे, लाऊडस्पीकर, दुकानं, सगळं एकदम सुरू! जेवढी मागणी तेवढी वीज त्याच क्षणी तयार व्हावी लागते. कांदा चाळीत ठेवता येतो, वीज नाही (बॅटरी आहे, पण महाग). म्हणून तिचा लिलाव दिवसाच्या १५-१५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत होतो.

२००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ मध्ये आपलं वीज मंडळ विभागलं गेलं. निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळं झालं. २००८ पासून देशात वीज एक्स्चेंज सुरू झालं.

आता मित्रांनो, एक गणित. मागणी १०० मेगावॅट. अ कडे ५० मेगावॅट, २ रुपये युनिटने. ब कडे ४०, ३ रुपयांनी. क कडे ३०, ६ रुपयांनी. स्वस्तापासून घेत गेलं की शेवटचे १० मेगावॅट क कडून घ्यावे लागतात आणि भाव सर्वांनाच ६ मिळतो. अ ला ६ कशाला? कारण ज्याला त्याला स्वतःचाच आकडा दिला, तर अ सुद्धा अंदाज बांधून ५.९० सांगेल. मग खरोखर स्वस्त कोण हेच कळणार नाही.

पण गोम इथेच आहे. अ आणि ब मिळून ९०च होतात. क शिवाय भागत नाही हे क ला माहीत असलं, तर तो १२ सुद्धा मागेल. कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये असेच खेळ झाले आणि त्यात एन्रॉन होती. (आपल्याकडचं दाभोळ प्रकरण मात्र लिलावाचं नव्हे, महागड्या कराराचं.) आपल्या एक्स्चेंजवर म्हणूनच २०२३ पासून १० रुपयांची कमाल मर्यादा आहे.

हल्ली सोलरमुळे दुपारी भाव पडतो आणि संध्याकाळी कित्येकदा मर्यादेला टेकतो. म्हणजे पंप दुपारी चालवणं सगळ्यांच्याच फायद्याचं. पण पोहरादेवीच्या शेतकऱ्याला हा भाव दिसतच नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४ पासून माफ आहे, आणि थ्री फेज कधी येणार ते फीडरचं वेळापत्रक ठरवतं. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन, साप-विंचू बघत जायचं. शिवाय देशातली बहुतेक वीज एक्स्चेंजवर येतच नाही. ती दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतली जाते आणि त्यात संच बंद ठेवला तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. माझ्या मते लिलाव कार्यक्षम आहे, पण त्याची कार्यक्षमता सबस्टेशनच्या अलीकडेच थांबते. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना लिलावाच्या वाटेला न जाता शेतीच्या फीडरलाच सोलर जोडते: वीज दिवसा तयार होणार, पंपही दिवसाच चालणार.