टर्बोचार्जर असलेल्या मोटारीची शक्ती का घटते?

घाटाची चढण लागली, एक्सिलरेटर पूर्ण दाबला, एंजिनाचा आवाजही वाढला, परंतु गाडी जोर धरीत नाही, अशी तक्रार टर्बोचार्जर असलेल्या मोटारींच्या बाबतीत वारंवार ऐकू येते. सपाट रस्त्यावर मंद गतीने जाताना हाच दोष जाणवतही नाही. अशा वेळी 'टर्बो गेला' असे निदान फार लवकर केले जाते व मोटारीतील एक महागडा भाग बदलला जातो. दोष मात्र पुष्कळदा दुसरीकडेच असतो. आणि मग नवा टर्बोही तितकाच दुबळा ठरतो, किंवा थोड्याच दिवसांत निकामी होतो. हे टाळावयाचे तर या यंत्राचे कार्य प्रथम समजून घेतले पाहिजे.

एंजिनाची शक्ती इंधनातून येते हे खरे. पण किती इंधन जाळता येईल हे हवेवर ठरते. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. १.५ लिटर क्षमतेचे पेट्रोल एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत आहे असे समजा. मोटारीच्या नेहमीच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवेने भरतो. म्हणून मिनिटास फार तर १.५ × १,५०० म्हणजे २,२५० लिटर हवा आत जाईल. लिटरभर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरल्यास ही हवा २,७०० ग्रॅम होते, आणि तीत सुमारे १८४ ग्रॅम पेट्रोल जळू शकते. एंजिनाचे आकारमान न वाढविता याहून अधिक पेट्रोल जाळावयाचे असेल, तर हवा दाबून भरण्यावाचून गत्यंतर नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले तिचे मर्म हेच होय. एंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेले चक्र बाहेरची हवा ओढून दाबते. दाबल्याने हवा तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये थंड करून ती सिलिंडरांकडे पाठविली जाते. (टर्बोचार्जरला 'झोतभरक' म्हणता येईल; पण असा शब्द घेऊन गॅरेजात गेलेल्या माणसाकडे मेकॅनिक चमत्कारिक नजरेनेच पाहील! आपण रूढ शब्दच वापरू.)

आता निदानाकडे वळू. आधुनिक मोटारीला स्कॅनर जोडला असता सामान्यतः हवेच्या दाबाचे दोन आकडे पाहावयास मिळतात: नियंत्रकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. परंतु हे आकडे देणारा दाबमापक स्वतः खरे बोलतो की नाही, हे आधी पाहावे. किल्ली फिरवावी पण एंजिन सुरू करू नये. या स्थितीत मापकाने बाहेरच्या वातावरणाचाच दाब दाखविला पाहिजे: मुंबई-चेन्नईस सुमारे १०० किलोपास्कल, तर ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे सुमारे ६५. तफावत मोठी असल्यास मापक किंवा त्याच्या तारा सदोष आहेत, आणि पुढील सारी तपासणी व्यर्थ ठरेल. हे आकडे वातावरणासह मोजलेले असतात, तर डॅशबोर्डवरील टर्बोचा काटा बहुधा वातावरणाहून अधिक असलेला दाबच दाखवितो, हेही ध्यानात ठेवावे. एकाचे १५० म्हणजे दुसऱ्याचे ५०. या घोटाळ्यात चांगल्या टर्बोलाही दोष दिला जातो.

मग चढावर, एंजिनावर पूर्ण भार असताना, दोन्ही आकडे पाहावेत. स्कॅनर दुसऱ्याने धरावा, चालकाने नव्हे. मागितलेला दाब अधिक आणि मिळालेला कमी असेल तर हवेचा मार्ग क्रमाने तपासावा. गाळणी धुळीने भरली आहे काय? टर्बोपासून इंटरकूलरकडे व तेथून एंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या फाटल्या किंवा सुटल्या आहेत काय? उभ्या गाडीत दाब नसल्यामुळे अशी चीर मिटलेली राहते. भार येताच ती उघडते व फुसकारा ऐकू येतो. गळतीच्या जागी तेलकट डाग दिसतो. एंजिन बंद ठेवून मार्गात अल्प दाबाने हवा भरल्यास व साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येऊन जागा निश्चित कळते. जुन्या डिझेल मोटारीत याच्या जोडीला काळा धूर येतो, कारण इंधन पुरते आणि हवा अपुरी पडते. नव्या मोटारीत काजळीची गाळणी हा धूर झाकून टाकते. नळ्या निर्दोष असल्या तर तप्त वायूंना चक्राच्या बाजूने वाट देणारी वेस्टगेट झडप उघडी अडकली आहे काय, किंवा तिला हलविणारी निर्वाताची बारीक नळी तडकली आहे काय, ते पाहावे. काही रुपयांची ही नळी कितीतरी वेळा सगळ्या संकटाचे मूळ असते.

दोन्ही आकडे जुळत असूनही दोन्ही कमी असतील, तर नियंत्रकाने शक्ती जाणूनबुजून रोखली आहे असे समजावे. हा प्रकार नवा नाही. १९६२ साली अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बोयुक्त मोटारीत, सिलिंडरमधील मिश्रण एकदम भडकून ठोके बसू नयेत म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब मर्यादित करी. अनेक मालक टाकी भरावयास विसरत आणि गाडीत जोर नाही म्हणून तक्रार करीत. पुढे कंपनीने पुष्कळ गाड्यांवरील टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. दोष टर्बोत नव्हता, टाकीत होता! आज हेच काम नियंत्रक करतो. त्याने नोंदविलेला दोष वाचल्याखेरीज पुसून टाकणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता त्याची कागदपत्रे फाडण्यासारखे आहे.

दाब पुरेसा असूनही शक्ती नसेल तर टर्बो सोडून इंधनाची गाळणी, प्रज्वलन, तुंबलेले सायलेन्सर आणि घसरणारा क्लच यांकडे वळावे.

एवढे झाल्यावरच टर्बो उघडावा, आणि तोही एंजिन बंद करून पूर्ण थंड झाल्यावर. पात्यांच्या कडा तुटल्या आहेत काय, दांडा हलविल्यास पाती आवरणास घासतात काय, हे पाहावे. निळा धूर सतत येत असेल व वंगणाचे तेल घटत असेल तर गाडी मुळीच चालवू नये. डिझेल एंजिन टर्बोतून गळणारे हे तेलच इंधन म्हणून जाळू लागते आणि किल्ली बंद केली तरी वेगाने धावत सुटते.

टर्बो खरोखरच निकामी झाला असल्यास तो का झाला हे शोधावे. मिनिटास लाखाहून अधिक फेरे करणारा त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. चढ चढून आलेली गाडी तत्काळ बंद केल्यास तापलेल्या टर्बोतील तेल करपते, आणि कालांतराने तेलाची नळी काजळीने अरुंद होते. त्याच नळीवर नवा टर्बो बसविला तर तोही कोरडाच फिरेल. म्हणून तेल पुरविणारी नळी बदलावी, परतीची नळी मोकळी आहे हे पाहावे, तेल व त्याची गाळणी नवी घालावी, आणि एंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ तेल ओतून दांडा हाताने फिरवून घ्यावा.