पायवा भरण्याआधी

अगं, फोनवर तू एवढी खुशीत होतीस की मध्ये बोलवेना. वैनगंगेच्या बाजूचा प्लॉट, भाव आवाक्यातला, इसारही देऊन झाला. "ताई, सगळं क्लिअर आहे म्हणतात," हे तुझं वाक्य मात्र रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. कोण म्हणतं? विकणाराच ना?

आधी ताजा, डिजिटल सहीचा सातबारा काढ. विकणाऱ्यानं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नकोस. मालकाचं नाव जुळलं की आपण कागदाची घडी घालतो, आणि तिथंच फसतो. वरच्या बाजूला 'भूधारणा पद्धती' लिहिलेली असते. तिथं 'भोगवटादार वर्ग-2' दिसलं तर थांब. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मग उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना अक्षर न अक्षर वाच. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, सगळं तिथंच निघतं.

आपल्या भंडाऱ्यात आणखी एक शब्द शोधायचा: झुडपी जंगल. पुण्याच्या माणसाला तो ठाऊकही नसेल, पण पूर्व विदर्भाच्या सहाही जिल्ह्यांत तो आहे. जागेवर झुडूप नसलं तरी कागदावर जंगल असतं. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमिनीच मानल्या. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सरकारनं रीतसर दिलेल्या जमिनींना त्यात दिलासा आहे. नंतरच्या वाटपाची कसून तपासणी. म्हणून तलाठ्याकडे निस्तार पत्रकही बघून घे. गुरांची चराई, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, यांवर गावाचा हक्क असतो. तो हक्क तुझ्या खरेदीखतानं मिटत नाही.

आता नदी. ऑगस्ट 2020 आठवतो ना? मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा वस्त्यांत शिरली. म्हणून नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात: साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. नदीची हवा खाण्याआधी नकाशावर या रेषा बघ.

लेआउट 500 चौरस मीटरच्या वरचा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक माग. अशा ठिकाणी करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. बांधकामाच्या परवानगीलाही भिऊ नकोस. 2020 च्या एकत्रित नियमावलीत लहान प्लॉटची वाट बरीच सोपी केली आहे. पण नियमात असेल तेवढं मार्जिन सोडावंच लागतं. नकाशातली चूक रबरानं पुसता येते, पायव्यातली सब्बलीनं फोडावी लागते.

माझीच फजिती सांगते. आमच्या घराच्या वेळी रात्री ट्रॅक्टरनं रेती आली. स्वस्त होती, म्हणून वाहतुकीचा पास मागायचं सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी दारातल्या ढिगाचा पंचनामा झाला. ट्रॅक्टरवाला फोन उचलेना. दंड आम्ही भरला, स्लॅब महिनाभर अडला, आणि तुझे भाऊजी आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. तेव्हापासून गाडी उभी राहिली की मी आधी पास हातात घेते: गाडीचा नंबर जुळतो का, तारीख-वेळ उलटून गेली का, किती ब्रास लिहिलंय. मगच फाळका खाली.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. परवानगीच्या चलनात 1 टक्का कामगार उपकर दिसला तर कुरकुर करू नकोस. त्याच पैशातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालतं. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम, एवढ्यावर नोंदणी होते. नोंदलेला कामगार कामावर दगावला तर घरच्यांना 5 लाख मिळतात. आमच्या स्लॅबला भरलं घमेलं डोक्यावर घेऊन एक रेजा दिवसभर शिडी चढत होती. संध्याकाळी चहा देताना विचारलं, कार्ड आहे का? म्हणाली, "90 दिवसांचा दाखलाच कोणी देत नाही बाई." माझ्या घरावर ती दिवसभर चढली-उतरली, आणि मी हे विचारलं ते कपबशी परत घेताना. तू ठेकेदाराशी मजुरी ठरवतानाच विचार: माणसं नोंदलेली आहेत का, दाखले देणार का? आणि ते करारात लिहून घे.

उरलेली रक्कम इतक्यात देऊ नकोस. रविवारी जावईबापूंना घेऊन ये. इसारपावती आण, सातबारा आण. मी चष्मा पुसून ठेवते.