विंडोजवर पर्ल स्क्रिप्ट अडली तर काय तपासायचं? (आणि नाही अडली तरी काय तपासायचं?)



बिलिंग सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या फाईली काढायच्या आणि एका छोट्या पर्ल स्क्रिप्टने ग्राहकवार उधारीची बेरीज करायची, हे आपण व्हिडिओत बघितलं. पर्ल ही लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेली भाषा. जुनी आहे, पण फुकट आहे आणि मजकुराच्या फाईली चाळायला आजही भारी आहे. फक्त विंडोजवर ती काही ठराविक ठिकाणी अडते. कमांड्स व्हिडिओत स्क्रीनवर आहेत, इथे आपण कारणं समजून घेऊ.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एरर देऊन थांबणारी स्क्रिप्ट तुमचा फक्त वेळ खाते. न थांबता चुकीची बेरीज देणारी स्क्रिप्ट पैसे खाते. म्हणून खालच्या चार पायऱ्या याच क्रमाने तपासा.

पायरी १ : स्क्रिप्ट सुरूच होत नाही

फाईलवर डबल क्लिक केलं, काळी खिडकी चमकली आणि गेली. बरेच जण इथेच सोडून देतात. खरं तर स्क्रिप्ट चालली असेल किंवा एरर देऊन थांबली असेल, पण काम संपताच खिडकी बंद झाली. म्हणून डबल क्लिक नको. कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून चालवा. म्हणजे एरर वाचता येईल.

पर्ल ही कमांडच ओळखता येत नाही, असा मेसेज आला तर दोनच शक्यता. एक तर पर्ल इन्स्टॉल नाही (विंडोजसाठी स्ट्रॉबेरी पर्ल फुकट मिळतं), किंवा विंडोजच्या पाथमध्ये त्याचा पत्ता नाही. आत्ताच इन्स्टॉल केलं असेल तर जुनी खिडकी बंद करून नवी उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

स्क्रिप्ट डोळ्यासमोर आहे, तरी सापडत नाही म्हणतंय? नोटपॅडने नावापुढे गुपचूप टीएक्सटी जोडलेलं असतं. एक्स्प्लोररमध्ये फाईलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग करा, लगेच कळेल.

एरर दहा ओळींची आली तरी पहिली ओळ आधी वाचा. पुढच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात. त्यात ओळीचा नंबर दिलेला असतो. त्या ओळीत काही चूक दिसली नाही तर तिच्या वरची ओळ बघा, तिथे अर्धविराम राहिलेला असू शकतो.

पायरी २ : डेटाची फाईल उघडत नाही

विंडोज फोल्डरचा पत्ता उलट्या तिरक्या रेघेने लिहितं. पर्लमध्ये दुहेरी अवतरणात तीच रेघ आणि पुढे एन आला की त्याचा अर्थ नवी ओळ, टी आला की टॅब. म्हणजे 'न्यू' नावाच्या फोल्डरचा पत्ताच मोडतो. सोपा उपाय : पत्त्यात सरळ तिरकी रेघ वापरा. विंडोजवरही पर्लला ती चालते.

लिहिताना परवानगी नाही असा मेसेज आला तर तीच फाईल एक्सेलमध्ये उघडी आहे का बघा. बंद करा आणि पुन्हा चालवा.

फाईल उघडण्याच्या प्रत्येक ओळीपुढे 'ऑर डाय' आणि कारण सांगणारं चिन्ह लिहाच. ते नसेल तर फाईल न उघडताही स्क्रिप्ट पुढे जाते आणि उधारी शून्य दाखवते!

आणि हो, लिहिण्यासाठी फाईल उघडताना एकच 'मोठं आहे' चिन्ह दिलं की जुनी फाईल त्याच क्षणी रिकामी होते. दोन चिन्हं दिली तर शेवटी भर पडते. म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं.

पायरी ३ : मराठी नावं बिघडतात

एक्सेलमधून साधी सीएसव्ही सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि त्या फाईलमधून नावं परत मिळत नाहीत. सेव्ह करताना यूटीएफ-८ वाला सीएसव्ही पर्याय निवडा. त्यात फाईलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण असते. त्यामुळे पहिल्या रकान्याचं शीर्षक जुळत नसेल तर ती खूण आधी काढून टाका.

पायरी ४ : सगळं चाललं, पण बेरीज चुकली

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. समजा तीन ग्राहकांची उधारी १,२५०, ८०० आणि २,४०० आहे. खरी बेरीज ४,४५०. पण पर्ल आकडा वाचताना स्वल्पविरामाशी थांबतं. त्याच्या लेखी १,२५० म्हणजे १ आणि २,४०० म्हणजे २. बेरीज आली ८०३. तुमचे ३,६४७ रुपये कागदावरून गायब, आणि एरर एकही नाही! रक्कम देवनागरी आकड्यांत टाईप केली असेल तर ती थेट शून्य धरली जाते.

उपाय तीन :

- स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'यूज स्ट्रिक्ट' आणि 'यूज वॉर्निंग्ज' या दोन ओळी टाका. मग अमुक ओळीवरचा मजकूर आकडा नाही, अशी सूचना मिळते.
- एक्सेलमध्ये रकमेच्या रकान्याचं फॉरमॅट स्वल्पविराम नसलेलं करून मगच सेव्ह करा.
- नावात किंवा पत्त्यात स्वल्पविराम असेल तर नुसतं स्वल्पविरामावर तोडू नका, रकाने सरकतात. त्यासाठी टेक्स्ट सीएसव्ही हे मॉड्यूल वापरा.

आजचा गृहपाठ

पाच ग्राहकांची छोटी फाईल बनवा. त्यात एक रक्कम स्वल्पविरामाची ठेवा, एका नावात स्वल्पविराम टाका. आधी वहीत हाताने बेरीज करा, मग स्क्रिप्ट चालवा. दोन्ही आकडे जुळले की मगच खरी फाईल द्या. त्यानंतरही दर महिन्याला दोन-तीन ग्राहकांचा हिशोब वहीशी ताडून बघा. कारण चुकीच्या यादीवरून ग्राहकाला फोन केलात तर तो स्क्रिप्टला नाही, तुमच्या दुकानाला नाव ठेवेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जोरात चालू द्या!