देयकाविषयी शंका आणि रुग्णाचा अधिकार

यंत्रमागावर राबणाऱ्या भिवंडीच्या कामगाराच्या घरी दुखणे आले, की कमावता हात थांबतो आणि रुग्णालयाचे देयक वाढत जाते. अशा वेळी नातेवाईक दागिना गहाण टाकतात, परंतु देयकाविषयी प्रश्न विचारण्यास कचरतात. असा प्रश्न विचारणे हा कृतघ्नपणा नव्हे, तो रुग्णाचा अधिकार आहे.

प्रथम तपशीलवार देयक मागावे. शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार रुग्ण हक्क सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. उपचारांची कागदपत्रे मागणी केल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. न झालेली तपासणी, परत केलेली औषधे वा दुबार आकारणी या कागदपत्रांशी ताडून पाहिल्यास ध्यानी येते. कोविडकाळात शासनाने २१ मे २०२० रोजी कमाल दर ठरवून दिले. व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागासाठी दिवसाला ९,००० रुपये. लेखापरीक्षकांनी देयके तपासल्यावर अनेक रुग्णांना जादा रक्कम परत मिळाली.

धर्मादाय रुग्णालयाची जबाबदारी अधिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. रुग्णांना आकारलेल्या एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. म्हणजे एक लाखामागे २,००० रुपये. याकरिता उत्पन्नाचा दाखला अथवा शिधापत्रिका शक्यतो दाखल होतानाच सादर करावी.

थकबाकीपोटी रुग्णास अडवून ठेवणे बेकायदेशीर असल्याचे उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. मृतदेह रोखण्यासही नियमांनी मनाई आहे. रुग्णालयाला आपली रक्कम वसूल करण्यासाठी कायद्याचा मार्ग खुला आहेच.

तक्रार प्रथम प्रशासनाकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी. समाधान न झाल्यास महापालिकेचा आरोग्य विभाग आणि धर्मादाय रुग्णालयाबाबत धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय यांकडे दाद मागावी. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९५ चा आहे. त्यानुसार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

देणगीदारांनी आणि विश्वस्तांनीही हे अधिकार जाणून घ्यावेत. देयक चोख असेल, तरच दिलेला प्रत्येक रुपया गरजू रुग्णापर्यंत पोहोचल्याची खात्री देता येते.