कंबरेचा कणा आणि धातूचा टेकू

कंबरेच्या पाच मणक्यांवर केवढा भार पडतो हे समजून घ्यावयाचे असेल, तर पदार्थविज्ञानातील तरफेचा पाठ आठवावा. आपण वाकून दहा किलोची घागर उचलतो, तेव्हा ती कण्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर पुढे असते. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरांवर. टेकू म्हणजे दोन मणक्यांमधील चकती. भुजा आठपट आखूड, म्हणून स्नायूंची ओढ आठपट, म्हणजे ऐंशी किलोंची. आणि चकतीवर पडते ती दोहोंची बेरीज, नव्वद! वरच्या धडाचे वजन आम्ही अजून धरलेलेच नाही.

अशी चकती झिजली, मणका पुढे सरकला आणि मज्जातंतू दाबले जाऊ लागले, की कधी कधी शल्यविशारद दोन मणके कायमचे सांधून टाकतात. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज व आल्बी यांनी अशा शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, त्या हाडाला हाड जोडून; धातू त्यांत नव्हता. पुढे १९६३ मध्ये फ्रान्समधील रॉय-कामी यांनी मणक्याच्या देठांतून स्क्रू बसविण्यास आरंभ केला. आज या स्क्रूंना दोन सळया जोडतात, आणि पुष्कळदा चकतीच्या जागी हाडाचा चुरा भरलेली छोटी पेटीही ठेवतात.

पाहणाऱ्यास वाटते, आता भार धातूने उचलला, काम झाले. आमच्या मते येथेच विषयाचे खरे मर्म आहे. धातूचे काम कमानीखालच्या लाकडी आधाराचे आहे: चुना धरेपर्यंत दगड हलू न देणे. सांधा हलत राहिला तर फटीत हाडाऐवजी मऊ तंतू भरतात. मग भार धातूवरच राहतो, आणि पुनःपुन्हा वाकविलेली तार जशी तुटते, तसे स्क्रू अथवा सळई महिन्यांनी किंवा वर्षांनी तुटू शकते. हाड आधी जुळते की धातू आधी थकतो, अशी ही शर्यतच असते. (धूम्रपानाने हाड जुळण्यास अडथळा येतो, हे आमच्या वरच्या वर्गातील काही शूरांनी ऐकून ठेवावे.)

तर मग सळई भक्कम का करू नये? ५ मिलिमीटरांची ६ केली, तरी तिचा ताठरपणा दुप्पट होतो. कारण तो व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढतो. पण जर्मन शरीरशास्त्रज्ञ वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आडवा येतो: हाड भाराप्रमाणे घडते, भार नसला की विरळ होते. पोलाद घट्ट हाडाच्या दसपटीहून अधिक ताठर, टायटॅनियमचा मिश्रधातू सुमारे सहापट. सगळा भार धातूने घेतला, तर कोवळ्या हाडास बळकट होण्याचे कारणच उरत नाही. म्हणून पेट्यांसाठी पीक नावाचे, हाडाहूनही लवचिक प्लास्टिक वापरात आले. त्याच्याशी हाड मात्र टायटॅनियमइतके सलगीने चिकटत नाही. पेटी अरुंद असली, तर ती ठिसूळ मणक्यात रुतते, ती अडचण वेगळीच.

सांधलेल्या जागेची हालचाल थांबली, की वरच्या व खालच्या चकतीस अधिक वाकावे लागते. काही रुग्णांत पुढे त्याही झिजतात. कमानीखालचा आधार गवंडी काढून नेतो. येथे मात्र हाड जुळल्यावरही धातू बहुधा आतच ठेवतात, कारण तो काढावयाचा म्हणजे पुन्हा पाठ उघडणे आले.